अप्पांचं गवत

गावात माझं एक नाव आहे. सर खोटं बोलत नाहीत, दोस्तीखातरसुद्धा बोलत नाहीत, असं लोक म्हणतात. हे नाव मला ज्या एका शब्दावर मिळालं तो शब्दच खोटा होता. आजवर हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्यांनी माझं हे नाव गावभर केलं त्या अप्पांनाही नाही. अप्पा आता नाहीत. मीही पन्नाशी ओलांडली. लिहायचं तर आता लिहायला हवं.

अप्पा म्हणजे निंगाप्पा तेरणी. शाहूपुरीत त्यांचं गुळाचं अडत दुकान होतं. घरात कानडी, दुकानात मराठी आणि गुजरातच्या व्यापाऱ्यांशी फोनवर त्यांची स्वतःची एक हिंदी. बुटके, रुंद, कपाळावर भस्माचे पट्टे, डोक्यावर पांढरी टोपी. अंगाला गुळाचा वास कायम. घाम आला की तो जास्तच यायचा, आणि मग मधमाश्या त्यांच्याभोवती फिरायच्या. ते त्यांना हाकलत नसत. "गिऱ्हाईक हाय ते," म्हणत.

मी तंत्रनिकेतनात शिकवायचो. आमची गाठ पडायचं तसं काही कारण नव्हतं. पडली ती गोल्फमुळे.

कोल्हापुरात गोल्फ म्हटलं की परगावच्या माणसाला हसू येतं. गावाबाहेर एक माळ होता, उन्हाळ्यात तांबडा, पावसाळ्यात हिरवा आणि वर्षभर मेंढरांचा. त्या माळावर आम्ही खेळायचो. वर्गणी एका मास्तरला परवडेल इतकी. गोल्फमध्ये चेंडू शेवटी ज्या भोकात घालायचा त्याच्याभोवती कातरलेलं मऊ गवत असतं, त्याला ग्रीन म्हणतात. आमच्याकडं तसलं गवत जगवायला पाणी कुठलं? म्हणून वाळूत गाड्यांचं जळकं ऑइल कालवून गोल थापून ठेवायचे. रंग तपकिरी, म्हणून नाव ब्राउन. त्यावर माणसं चालली की पावलं उमटत. मग आपला चेंडू मारण्याआधी भोकापर्यंतची वाट सारखी करून घ्यायची. त्यासाठी दांड्याला जोडलेली एक लोखंडी फळी ठेवलेली असे. अप्पा फळी घेत नसत. ते उजवा पाय उचलत आणि बुटाच्या तळव्यानं हलके हलके वाट पुसत भोकापर्यंत जात. सकाळी दुकानात गादीवर बसण्याआधी पंच्यानं गादी झटकतात, त्याच तंद्रीत.

आमच्या माळावर ही मुभा होती. गवताच्या ग्रीनवर मात्र चेंडूच्या वाटेला असा पाय लावला की दोन फटके दंड. हे मला ठाऊक होतं, कारण नियमांचं पुस्तक वाचलेला माळावर मी एकटाच होतो. त्याचा मला अभिमानही होता. अप्पा म्हणायचे, "सरांना इचारा. सर म्हंजे आपलं कोर्ट हाय."

खेळात मी त्यांच्याहून बरा होतो. अप्पांचा फटका म्हणजे उसाच्या मोळीवर कोयता पडावा तसा. त्यात दुसऱ्याचा फटका चालू असताना हे त्या दिवशीचा गुळाचा दर सांगणार. कंजूष तर असे की घाणेरीच्या झुडपात चेंडू हरवला तर मागचे लोक खोळंबले तरी बाहेर यायचे नाहीत. एकदा बऱ्याच वेळानं आले ते दोन चेंडू घेऊन.

"त्यातला आपला कुठला?" मी विचारलं.

"दोन्ही न्हाईत," म्हणाले आणि दोन्ही खिशात टाकले.

त्यांची गोल्फची पिशवी गुळाच्या गोणपाटाची होती, दुकानातल्याच दाभणानं शिवलेली. स्कूटरला ती आडवी बांधून यायचे, त्यामुळे रस्त्यात त्यांना कुणी ओव्हरटेक करत नसे.

असा हा माणूस वर्षातून एकदा बंगळूरला जायचा आणि तिथल्या भारी मैदानावर एक दिवस खेळण्यासाठी पाहुण्यांची फी भरायचा. त्यांची मुलगी तिथं दिली होती. जावयाच्या ओळखीनं आत प्रवेश मिळायचा, पण फी स्वतःच्या खिशातली. तेवढ्या पैशात आमच्या माळावर माणूस वर्षभर खेळून वर चहा पाजू शकला असता. खेळ झाला की आम्ही चिंचेखाली चहाला बसायचो, तिथं हा वाद ठरलेला असे. वादाला तोंड फोडणार ते इनामदार वकील, आमच्यातले सगळ्यात जुने सभासद.

"अप्पा, काठी तीच, चेंडू तोच. भोकही तेवढंच. मग गवताला काय सोनं लागलंय का?"

अप्पा बशीतला चहा संपवून मिशा पुसायचे. "वकीलसाहेब, आमच्या पेठेत ढेपंचा सौदा करायच्या आधी माणूस काय करतोय? टोकाला जरा फोडतोय, जिभंवर ठेवतोय. एकदा चव कळली म्हंजे मग पुढचा माल कसलाबी येऊ दे, आपल्याला ठावं असतंय चांगलं काय असतंय ते. मी चव घ्यायला जातोय."

"एवढी महाग चव?"

"आता स्वस्तात कोण द्यायला लागलंय? तुमी देताय व्हय?"

सगळे हसायचे. मीही हसायचो, आणि आतून जळायचो. हे आज पहिल्यांदा कागदावर येतंय. त्यांच्या पैशाचा मला हेवा नव्हता. मलाही दोन वर्षांतून एकदा ती फी भरता आली असती. पण ती भरताना मी नोटा तीनतीनदा मोजल्या असत्या आणि नंतर महिनाभर मी घरात त्याबद्दल बोललो असतो. अप्पा पैसे टाकायचे आणि विसरायचे. पायातल्या बुटाला तिसरा तळवा ठोकून घेणारा माणूस एका दिवसाच्या सुखापुढं एवढा मोकळा कसा होतो, हे मला समजत नव्हतं. समजत नव्हतं म्हणून सहनही होत नव्हतं.

त्यांची एकच इच्छा होती. अठरा होल, म्हणजे अठरा भोकं, नव्वद फटक्यांच्या आत पुरी करायची, आयुष्यात एकदा. फटके जितके कमी तितका खेळ चांगला. आमच्या माळावर ते पंच्याण्णव, अठ्ठ्याण्णव असे कुठंतरी रेंगाळायचे. मी बहुतेक वेळा ऐंशीच्या घरात असायचो. "एकदा नव्वदच्या आत आलो की मग मी मेलो तरी चालंल," म्हणायचे. मग थांबून, "म्हंजे लगेच न्हवं."

एका वर्षी ते मला म्हणाले, "चला की सर, बंगळूरला. एकट्यानं गवतावर काय करायचं?" माझी फीही तेच भरणार होते. मी दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं नाही.

त्यांच्या गाडीतून निघालो. कागल मागं पडलं तशी अप्पांची मराठी पातळ होत गेली, आणि निपाणी ओलांडल्यावर तर ते माझ्याशीही कानडीत बोलायला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानाच्या फाटकावर गेलो. मी इस्त्रीचा शर्ट, नवे बूट अशा थाटात होतो. अप्पा टोपी आणि गोणपाटाच्या पिशवीसकट. मला वाटलं, आता यांना अडवतील. खरं सांगायचं तर अडवावं असं वाटलं. पहारेकऱ्यानं हात आडवा केलाच. अप्पांनी त्याला कानडीत काहीतरी विचारलं. तो गोकाककडचा निघाला. पुढच्या मिनिटाला तो "बर्री सावकार, बर्री", या सावकार, या, म्हणत अप्पांची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेऊन चालला होता. मला मात्र त्यानं नाव विचारलं आणि वहीत सही करायला लावली.

पहिल्या ग्रीनवर पोचल्यावर अप्पा थांबले. खाली बसले, आणि गवतावर तळहात ठेवला.

"सर, हात लावून बघा. तान्ह्या पोराचं डोकं हाय."

"पाठ दुखतेय," मी म्हणालो. पाठ दुखत नव्हती.

मग त्यांनी ग्रीनच्या कडेची एक काडी उपटली, चुरगळून हुंगली आणि तोंडात टाकली. आमच्या पिशव्या वाहणारी माणसं बघतच राहिली. अप्पांनी चावून निकाल दिला, "खत चांगलं घातल्यात. मीठ न्हाय पाण्यात."

मी त्या दिवशी वाईट खेळलो. वाळूवर चेंडू सरळ जाऊन थांबायचा. इथं तो वळायचा, घसरायचा, भोकाजवळून शांतपणे पुढं निघून जायचा. त्यात पहिल्या होलवर सात फटके लागले तेव्हा मी मनात भागाकार केला, एका फटक्याला किती रुपये पडले. फी मी भरलेली नव्हती, तरी केला. मग प्रत्येक होलवर तोच भागाकार. अप्पा कसलाच हिशेब करत नव्हते. चेंडू वळला की "आरं, वळतंय बघा की," म्हणून त्याचं कौतुक करत होते. आणि का कोण जाणे, त्यांचे चेंडू पडत होते.

दोन ग्रीनवर त्यांचा उजवा पाय सवयीनं वाटेवर उचलला गेला. दोन्ही वेळा मी ओरडलो, "अप्पा, पाय!" दोन्ही वेळा ते दचकून मागं सरले. "काय करू सर, ह्यो माझं ऐकत न्हाय."

शेवटच्या ग्रीनवर आलो तेव्हा एक फटका राहिला होता. त्यात चेंडू पडला तर एकोणनव्वद. पिशव्या वाहणारी माणसं पुढं निघून गेली होती. ग्रीनवर आम्ही दोघंच. मी माझा खेळ आधीच उरकून भोकातल्या झेंड्याची काठी धरून उभा होतो. अप्पा चेंडूमागं आले. ओठ हलत होते, बहुतेक देवाचं नाव. आणि उजवा पाय उचलला गेला.

या वेळी मी ओरडलो नाही. "लाग, लाग," असं मी मनात म्हणत होतो. हे शब्द मी तेव्हा स्पष्ट ऐकले, आजही ऐकतो.

पाय वाटेवर अधांतरी थांबला. गवताला तळवा टेकणार असं वाटलं, आणि तो तसाच हवेतून परत आला आणि डाव्या पायाशेजारी येऊन उभा राहिला. गवताची एक काडी हलली नाही. मी चार हातांवर होतो, माझं लक्ष दुसरीकडं कुठंही नव्हतं. अप्पांना स्वतःला मात्र यातलं काही कळलेलं नव्हतं. त्यांनी चेंडू मारला. तो वळला आणि पडला. अप्पा तिथंच मांडी घालून बसले आणि टोपी काढून तोंडावर धरली.

कोल्हापुरात आल्यावर त्यांनी माळावर प्रत्येकाला गुळाची एकेक ढेप दिली. त्या दिवशीचे फटके मांडलेलं कार्ड दुकानातल्या मेजावर काचेखाली गेलं. हिशेबाची पट्टी घ्यायला आलेले शेतकरी, हमाल, गाडीवान, कुणीही आलं की अप्पा काचेवर बोट ठेवायचे. एक दिवस ढेप घेऊन आमच्या घरी आले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून त्यांनी सगळा दिवस माझ्या बायकोला, सुनंदाला, करून दाखवला. पहारेकरी केला, चेंडू केला, वळणारं गवत केलं. "सर संगं होते म्हणून झालं, वहिनी. दोनदा माझा पाय धरला त्यांनी. न्हायतर गेलतो मी." सुनंदा पदर तोंडाला लावून हसत होती. ती अशी हसते हे मी विसरून गेलो होतो.

ते गेल्यावर भांडी आवरता आवरता ती म्हणाली, "तुम्ही पण होतात की तिथं. तुम्हाला यातलं काहीच कसं दिसलं नाही?"

पुढच्या रविवारी चिंचेखाली पुन्हा तोच वाद निघाला. इनामदार वकील माझ्याकडं वळले.

"सर, या वेळी साक्षीदार तुम्ही. खरं सांगा, पैसे वसूल झाले का अप्पांचे?"

मी चहाचा कप खाली ठेवला. हसतच बोललो. "वसूल काय, वकीलसाहेब. शेवटच्या ग्रीनवर अप्पांनी पायानं वाट पुसली. दोन दंडाचे धरले तर एक्क्याण्णव होतात."

कुणी हसलं नाही. अप्पांच्या हातात बशी होती.

"लागला व्हय सर, पाय?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. खरोखर माहिती विचारावी तसं विचारलं. तेव्हाही वेळ होती. थट्टा केली म्हणालो असतो तर सगळे हसले असते आणि अप्पा सगळ्यात मोठ्यानं.

"लागला," मी म्हणालो.

वकिलांनी उलटतपासणी घेतली. "मग त्याच वेळी का नाही बोललात? आधी दोनदा सांगितलंत म्हणे."

"त्यांचा आनंद बघून बोलवेना," मी म्हणालो. दुसरं खोटं पहिल्याहून सोपं गेलं.

अप्पांनी स्वतःच्या उजव्या बुटाकडं बघितलं. मग म्हणाले, "मला त्या टायमाचं काय आठवत न्हाय. चेंडू पडल्याचा आवाज तेवढा आठवतोय. सरांनी बघितलंय म्हंजे लागलाच असणार." आणि सगळ्यांकडं वळून, "एक्क्याण्णव म्हणा."

दुसऱ्या दिवशी कार्ड काचेखालून गेलं. तिथं कसलीशी दिनदर्शिका आली. ढेप दिलेल्या प्रत्येकाला अप्पांनी स्वतः जाऊन सांगितलं की आकडा चुकला. काहींना दोनदा सांगितलं.

मला वाटलं होतं ते माझ्याशी बोलणं टाकतील. टाकलं असतं तर मी सुटलो असतो. झालं उलटंच. पेठेत, लग्नात, तालुक्याच्या बाजारात, जिथं माझा विषय निघेल तिथं अप्पा सांगायचे, "माझ्या पैशानं खेळलेला माणूस, माझ्या गाडीतनं आलेला, पण खोटं बोलला न्हाय. असा माणूस दाखवा मला दुसरा." त्यांच्या शब्दावर मला स्पर्धांचा पंच केलं गेलं. दोन भावांच्या वाटणीत मध्यस्थ म्हणून बोलावलं गेलं. मी गेलो. सुनंदासुद्धा एकदा कुणाला तरी अभिमानानं सांगत होती, आणि मी शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसलो होतो.

आणि अप्पा बंगळूरला खेळायचे बंद झाले. मुलीकडं जायचे, मैदानावर जायचे नाहीत. इनामदार वकील चिडवायचे, "काय अप्पा, शेवटी पटलं ना? गवतात काय राम नाही."

"गवतात हाय की," अप्पा म्हणायचे. "माझ्या पायात न्हाय. असल्या पायानं तितं जाऊन कशापाय घाण करायची?"

वाळूवर मात्र येत राहिले. पण आता वाट पुसायला लोखंडी फळी घ्यायचे, पाय कधीच लावायचे नाहीत. इथं मुभा आहे असं मी सांगून बघितलं. "नगं सर. ह्या जनावराला आता वळण लावायचंय." चेंडू मारण्याआधी ते माझ्याकडं बघायचे, "लक्ष हाय न्हवं पायावर?" आणि मी मान हलवायचो. किती वर्षं हलवली कोण जाणे. तोवर आमचा खेळ सारखाच झाला होता, कारण माझा बिघडला होता. त्यांच्यावर जळायचं मात्र मी सोडलं नव्हतं. आता त्यांच्या झोपेवर जळत होतो. एक्क्याण्णव मान्य करून हा माणूस शांत झोपत होता.

पुढं बऱ्याच वर्षांनी माळावर पाणी आलं. वाळू उपसून टाकली आणि आमच्याही ग्रीनवर गवत लावलं. ते खेळायला खुलं झालं त्या सकाळी अप्पांचा मुलगा त्यांना गाडीतून घेऊन आला. अप्पांचे गुडघे तोवर गेले होते, खेळणं सुटलं होतं. हातात काठी, डोक्यावर तीच टोपी. पहिल्या ग्रीनच्या कडेला येऊन उभे राहिले. सगळे आत गेले, ते गेले नाहीत.

"या की अप्पा, आत या," मी म्हणालो.

"हितनं दिसतंय."

"एक चेंडू मारा. मी आहे."

"नगं सर. ह्या पायाचा भरवसा न्हाय."

मी त्यांच्याजवळ गेलो. वाक्य तोंडात आलं होतं. तेवढ्यात त्यांनी काठी मुलाकडं दिली, माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि गुडघे कुरकुरत असताना खाली वाकून, आत पाय न टाकता, ग्रीनच्या कडेला तळहात टेकवला. खूप वेळ तसाच ठेवला.

"बंगळूरसारखं न्हाय," म्हणाले. "पण हुईल. बाळसं धरंल." मग मान वर करून माझ्याकडं बघितलं. "हात लावा की सर. पाठ बरी हाय न्हवं आता?"

मी वाकलो आणि हात लावला. गवत दवानं ओलं होतं. थंड होतं. खाली माती मऊ लागत होती आणि वर गवताची टोकं तळव्याला बारीक टोचत होती, नुकतं जावळ काढलेल्या डोक्यासारखी. बंगळूरला पाठ दुखत नसताना मी जे नाकारलं ते एवढंच होतं. त्याची किंमत किती, हा भागाकार मला त्या दिवशी जमला नाही.

मागून कुणीतरी पंचांना हाक मारली. पंच मीच होतो. "आलो," म्हणून मी उठलो. वळून बघितलं तेव्हा मुलगा अप्पांना गाडीकडं नेत होता. ग्रीनच्या कडेकडेनं, लांबचा वळसा घालून चालले होते, आणि उजवा पाय कुठं पडतोय तिकडं अप्पा खाली मान घालून बघत होते.

त्यानंतरच्या दिवाळीआधी ते गेले. दुकान आता मुलगा चालवतो. मी गूळ तिथूनच आणतो. तो मला आधी खुर्ची देतो, मग इतर गिऱ्हाइकांना सांगतो की हे ते सर.

अप्पांचा पाय लागला नव्हता. त्यांचे एकोणनव्वदच झाले होते. हे त्यांच्या मुलाला दुकानात, चार माणसांसमोर, आणि मुलीला बंगळूरला जाऊन सांगायचं, एवढं देणं मी अजून लागतो.